रांगेतला पहिला नंबर कुणाचा?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गुडघ्याचे दुखणे दाखवायला मी एका दवाखान्यात गेलो होतो. केसपेपर काढून आम्ही सगळे बाकांवर बसलो होतो. एक आई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन दाराजवळ उभी होती. मुलाने दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते. वर पंखा खडखडत होता, नावांचा पुकारा चालू होता. थोड्या वेळाने मुलगा किंचाळू लागला आणि भिंतीवर डोके आपटू लागला. आई शिपायाला म्हणाली, "दादा, आम्हाला जरा आधी सोडता का?" लगेच रांगेतून आवाज उठले, "आम्ही काय सकाळपासून उगाच बसलोय?" त्या आवाजांत एक आवाज माझा होता. ती आई मुलाला न दाखवताच निघून गेली.

माझे काय चुकले होते? रांग म्हणजे न्याय, असेच आपण लहानपणापासून शिकलो. जो आधी आला तो आधी जाईल. त्यात गरीब-श्रीमंत नाही, ओळखपाळख नाही. पण रांग न्यायाची ठरते ती एका अटीवर: थांबण्याचा त्रास सगळ्यांना साधारण सारखा असला पाहिजे. माझ्यासाठी ते दोन तास कंटाळ्याचे होते, त्या मुलासाठी ते यातनेचे होते. दोघांना एकच नियम लावला, म्हणजे दोघांना सारखे वागवले असे होत नाही.

त्या मुलाला ऑटिझम होता, हे मला नंतर कळले. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द चांगला आहे, पण फसवा आहे. मूल स्वतःतच रमले आहे, त्याला बाहेरच्या जगाचे काही नाही, असे त्यातून वाटते. खरे तर अशा अनेक मुलांना बाहेरचे जग फार जास्त जाणवते. ट्यूबलाइटची गुणगुण, औषधाचा वास, अनोळखी हाताचा स्पर्श त्यांना सोसवत नाही. हा आजार नव्हे, आईबापांच्या वागण्याचा दोष नव्हे आणि कुणाच्या पापाचे फळ तर नव्हेच. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते.

मात्र अशा माणसालाही दात दुखतो, कान फुटतो, पोट साफ होत नाही. फिट्स येण्याचे प्रमाणही त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त असते. पण "इथे दुखते" असे सांगणे अनेकांना जमत नाही. मग मूल डोके आपटते आणि आपण म्हणतो, "तो असाच आहे." कधी कधी डॉक्टरही तसेच म्हणतात. किडलेली दाढ तशीच राहते. आपल्या या एका वाक्याने किती दुखणी झाकली जात असतील!

कुणी विचारील, मग ज्या कोळीणबाईचा दिवसाचा धंदा बुडतो, तिने का थांबावे? प्रश्न खरा आहे. प्रत्येकाचे दुःख रांगेत मोजत बसणे शक्य नाही. म्हणूनच ही गोष्ट रांगेतल्या लोकांच्या दयेवर सोडून चालणार नाही. दया आज मिळेल, उद्या मिळणार नाही, आणि ती मागताना आईला दरवेळी चारचौघांत आपल्या लेकराचे दुःख उघडे करावे लागेल. व्यवस्थाच तशी हवी: ओपीडीच्या सुरुवातीची वेळ राखून ठेवणे, एखादी शांत खोली, सुई टोचण्यापूर्वी ती दाखवून सांगणे. याला फार पैसा लागत नाही.

आणि हे उपकार नव्हेत, हा हक्क आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा 21 प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो. त्यात स्वमग्नता आहे. याच कायद्याच्या 25व्या कलमाने सरकारी दवाखान्यांत दिव्यांगांना तपासणी आणि उपचारांत अग्रक्रम देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. म्हणजे त्या दिवशी ती आई मेहेरबानी मागत नव्हती. तिच्या हक्काचीच गोष्ट ती विनंती करून मागत होती आणि आम्ही ती नाकारली.

संत मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात एका बहिऱ्या, बोबड्या माणसाची हकीकत आहे. प्रभू येशू त्याला आधी गर्दीतून बाजूला नेतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला स्पर्शाने, खुणेने समजावतो आणि मगच बरे करतो. बरे करण्याआधी त्या माणसाला सोसेल अशी जागा आणि समजेल अशी भाषा प्रभूने निवडली. आपण हा भाग अनेकदा ऐकतो, पण त्या 'बाजूला नेण्या'कडे आपले लक्ष जात नाही.

आपल्या किनाऱ्यावर तर अंतराचाही प्रश्न आहे. मुरूड, कोर्लई, रेवदंड्याहून थेरपीसाठी मुंबई गाठायची म्हणजे एस.टी., मग मांडव्याची लाँच. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद, मग वडखळ-पेण-पनवेलचा फेरा. गर्दी, हॉर्न, धक्के सोसून मूल पोहोचते तेव्हाच थकलेले असते. म्हणून जवळ काय आहे ते माहीत करून घ्यावे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते, त्यात स्वमग्नताही पाहिली जाते. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे केंद्र खारघरला, आपल्याच जिल्ह्यात आहे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण मिळते. आणि ही मुले मोठी होतात हेही विसरू नये. अठरानंतर बालरोगतज्ज्ञ सुटतात, दुखणी सुटत नाहीत.

आपण काय करू शकतो? दवाखान्यात जाणाऱ्या अशा कुटुंबाबरोबर एकाने जावे. धाकटे भावंड दिवसभर आपल्या घरी ठेवून घ्यावे. मुलाला कशाची भीती वाटते, दुखले की ते काय करते, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांना द्यायला आईला मदत करावी. मिस्सेत असे मूल ओरडले तर मागे वळून पाहू नये.

ती आई मला पुन्हा भेटली नाही. तिच्या मुलाला त्या दिवशी काय दुखत होते, हे मला कधीच कळणार नाही. पण आता दवाखान्यात कान दाबून उभे असलेले मूल दिसले, तर मी आधी उठतो आणि माझा नंबर त्याला देतो. रांगेतल्या इतरांना कारणही मीच सांगतो, म्हणजे ते त्याच्या आईला सांगावे लागत नाही.