‘हालेलूया’ हा शब्द कोणास उद्देशून आहे?

ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेंत असे थोडेच शब्द आहेत कीं, जे भाषांतर न होतां देशोदेशीं पोहोंचले. ‘आमेन’ हा त्यांतील एक आणि ‘हालेलूया’ हा दुसरा. इब्री शास्त्राचें ग्रीक भाषांतर करणाऱ्या पंडितांनीं हा शब्द जसाच्या तसा ठेवला. ग्रीकांतून तो लॅटिन भाषेंत गेला, आणि तेथून पुढें युरोपांतील पुष्कळ भाषांत शिरला. आपल्या मराठी पवित्र शास्त्रांत स्तोत्रसंहितेमध्यें त्याचा अर्थ मराठींत दिला आहे; प्रकटीकरणाच्या १९ व्या अध्यायांत मात्र मूळ शब्दच ठेवला आहे. गीतांच्या द्वारें तर तो लहान मुलांच्याही तोंडीं बसला आहे. परंतु जातें फार दळून गुळगुळीत झालें म्हणजे त्याला टांकी लावावी लागते. नाहीं तर तें फिरतें, आवाज करितें, पण पीठ पडत नाहीं. फार गाइलेल्या शब्दाचेंही तसेंच आहे. म्हणून ह्या एका शब्दाचा विचार करूं.

पुष्कळांची समजूत अशी आहे कीं, ‘हालेलूया’ हा आनंदाचा उद्गार आहे. मन हर्षानें भरून आलें म्हणजे तो आपोआप तोंडांतून निघतो. ह्या समजुतीमुळें प्रामाणिक माणसापुढें एक मोठी अडचण उभी राहते. पाऊस पडला नाहीं, पेरणी वांया गेली, सावकाराचा तगादा लागला आहे, किंवा घरांतील तान्हें मूल मातींत ठेवून चार दिवसही झाले नाहींत. आणि रविवारीं उपासनेंत सर्वजण हालेलूया गात आहेत. आनंद तर मनांत कोठेंच नाहीं. अशा वेळीं तो शब्द म्हणावा काय? म्हटला तर देवासमोर खोटें बोलल्यासारखें वाटतें, आणि न म्हटला तर अविश्वासी ठरण्याचें भय. कित्येक सरळ मनाचीं माणसें ह्याच कारणामुळें दुःखाच्या दिवसांत उपासनेस येण्याचें टाळतात. ‘ओठांवर स्तुति आणि पोटांत दुःख, हा ढोंगीपणा नव्हे काय?’ असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न क्षुल्लक नाहीं, आणि ‘विश्वास ठेवा म्हणजे आनंद वाटेल’ एवढें म्हणून तो सुटतही नाहीं.

प्रथम शब्दाची फोड पाहूं. ‘हालेलू’ आणि ‘याह’ असे त्याचे दोन भाग आहेत. ‘याह’ हें देवाच्या नांवाचें संक्षिप्त रूप होय. ‘हालेलू’ हें स्तुति करणें ह्या अर्थाच्या क्रियापदाचें आज्ञार्थी रूप आहे, आणि तें अनेकवचनी आहे. आपल्या भाषेंत ‘करा’ हें रूप एकाच वडील माणसाला मान देऊनही वापरतां येतें. इब्री भाषेंत आज्ञा करितांना असें आदरार्थी बहुवचन वापरीत नाहींत. तेव्हां ‘हालेलू’ म्हणणाऱ्यापुढें अनेक जण असलेच पाहिजेत. ‘अहो सर्वजणहो, तुम्ही याहची स्तुति करा,’ असा त्याचा सरळ अर्थ आहे. आतां आपल्या लक्षांत येईल कीं, हा शब्द देवाविषयींचा आहे खरा, पण तो देवास उद्देशून बोललेला नाहीं. तो शेजाऱ्यास उद्देशून बोललेला आहे. शिवाय बोलणाऱ्याच्या मनाची स्थिति काय आहे, हें त्यांत मुळींच सांगितलेलें नाहीं.

जुन्या करारांत हा शब्द केवळ स्तोत्रसंहितेंत येतो, आणि तेथें तो २४ वेळां आला आहे. शेवटचीं पांच स्तोत्रें, म्हणजे १४६ पासून १५० पर्यंत, ह्याच शब्दानें आरंभ होऊन ह्याच शब्दानें संपतात. नव्या करारांत तो फक्त चार वेळां आढळतो, आणि ते चारही वेळ प्रकटीकरणाच्या त्याच एका अध्यायांत आहेत. कोठेंही पाहिलें तरी तो मेळ्याचा शब्द आहे. आपल्याकडे भजनांत एकजण चरण म्हणतो आणि टाळकरी तो उचलून धरतात; रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं ख्रिस्ती भजनें रचतांना हाच देशी मार्ग धरला. ‘हालेलूया’ हा शब्दही अशाच प्रकारें एकाच्या मुखांतून निघून दुसऱ्यानें उचलावयाचा आहे. एकट्यानें तो म्हणावयाचा तरी मनांत दुसऱ्यास हांक मारूनच म्हणावा लागेल.

आतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें जातें. आईला ताप आहे, तिला स्वतःला घांस जात नाहीं; तरी ती अंथरुणावरून लेकरांना ‘जेवून घ्या’ म्हणते. ती खोटें बोलते काय? मुळींच नाहीं. तिला भूक आहे असें ती म्हणालीच नाहीं. अन्न चांगलें आहे आणि लेकरांनीं तें खावें, एवढें ती मनापासून मानते, आणि तेवढ्यानें तिचे शब्द खरे ठरतात. त्याचप्रमाणें दुःखित मनुष्य ‘हालेलूया’ म्हणतो तेव्हां ‘मी आनंदांत आहें’ असें तो सांगत नसतो. देव स्तुतीस योग्य आहे, आणि माझा कंठ दाटून आला तरी त्याची स्तुति थांबूं नये, एवढेंच तो सांगतो. डोळ्यांत पाणी असतांही हें खरेपणानें म्हणतां येतें.

कोणी म्हणेल कीं, हा व्याकरणाचा आधार घेऊन काढलेला केवळ पंडिती युक्तिवाद आहे. तर प्रत्यक्ष काय घडलें तें पाहा. वल्हांडण सणांत ११३ पासून ११८ पर्यंतचीं स्तोत्रें गाण्याचा यहूद्यांचा परिपाठ आहे. ह्या समूहाला ते ‘हालेल’ असें म्हणतात, आणि आपला शब्द त्यांत पुनःपुनः येतो. प्रभु येशू धरून दिला गेला त्या रात्रीं भोजन आटोपल्यावर तो व त्याचे शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असें मत्तय व मार्क हे दोघेही सांगतात. तें गीत ह्याच हालेलचा शेवटचा भाग असावें, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढें गेथशेमाने बागेंत त्याचा जीव किती व्याकूळ झाला हें आपण जाणतों. गीत आणि ती व्याकुळता ह्यांच्यामध्यें थोडाच वेळ गेला होता. ज्यानें ढोंगाचा एवढा तिरस्कार केला, त्यानें त्या रात्रीं गाणें टाळिलें नाहीं.

आरंभींच्या मंडळीनेंही हें ओळखिलें होतें. रोम शहरीं फाबिओला नांवाची एक धनवान विधवा होती. तिनें आपली संपत्ति वेंचून आजाऱ्यांसाठीं इस्पितळ काढिलें आणि किळसवाण्या रोगांनीं पिडलेल्यांची सेवा स्वतःच्या हातांनीं केली. ती ३९९ च्या सुमारास वारली. तिच्या अंत्यविधीस सारें शहर लोटलें आणि हालेलूयाच्या घोषानें मंदिरांचीं छतें दणाणलीं, असें जेरोम ह्यानें आपल्या एका पत्रांत लिहून ठेविलें आहे. प्राच्य मंडळ्यांत आजही उपवासाच्या काळांत आणि प्रेतविधीच्या वेळींही हा शब्द गातात. उलट पाश्चात्य मंडळींत पुनरुत्थानाच्या सणापूर्वींच्या चाळीस दिवसांत तो बंद ठेवून सणाच्या दिवशीं पुन्हां उच्चारण्याची जुनी चाल आहे. दोन्ही चालींत बोध आहे. एक सांगते कीं, दुःखानें ह्या शब्दाचें तोंड बंद होत नाहीं. दुसरी सांगते कीं, शोकाला त्याचा वेळ द्यावा, घाई करूं नये.

संगीताच्या अंगानेंही एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्राचीन मंडळींत हा शब्द गातांना शेवटचें अक्षर, म्हणजे ‘याह’ ह्या नांवाचा स्वर, आलापासारखा फार वेळ लांबवीत असत. शब्द सरतात तेथें नुसता स्वर देवाची स्तुति करितो, असा भाव त्यांत ऑगस्टिनसारख्या गुरूंना दिसला. पहिला भाग माणसांकडे पाहून हांक मारितो, आणि दुसऱ्या भागांत सर्वांचा सूर देवाच्या नांवावर एकत्र टेकतो. हा क्रम मोडला तर गाणें राहील, पण अर्थ राहणार नाहीं.

तर मग हा शब्द खोटा होतो तो केव्हां? आमचें उत्तर असें आहे कीं, दुःखानें तो खोटा होत नाहीं. शेजाऱ्याला वगळल्यानें होतो. ‘तुम्ही सर्वजण स्तुति करा’ असें तोंडानें म्हणावें, आणि त्या ‘सर्वां’तून मनांतल्या मनांत कोणाला तरी गाळावें, हें खरें असत्य होय. बांधाच्या तंट्यावरून ज्या भावाशीं बोलणें टाकलें, तो पलीकडच्या चटईवर बसला आहे. त्याला ही हांक आहे कीं नाहीं? पूर्वींच्या जातीवरून ज्याच्या हातचें पाणी अजून मनाला रुचत नाहीं, त्याला आहे कीं नाहीं? ज्याचें घेणें फिटलें नाहीं म्हणून लाजेनें जो येईनासा झाला, त्याच्या दारापर्यंत ती पोहोंचते कीं नाहीं? वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं समेट करावा, असें प्रभूनें शिकविलें. आमोस संदेष्ट्याच्या द्वारें तर देवानें स्पष्ट सांगितलें कीं, जेथें न्याय नाहीं तेथील गाण्याचा गलबला त्याला नको आहे. त्या लोकांचे सूर बिघडले होते असें नाहीं. त्यांचे व्यवहार बिघडले होते.

आणि ज्या स्तोत्रांच्या कपाळीं हा शब्द आहे, त्यांत काय सांगितलें आहे तेंही वाचून पाहावें. ११३ वें स्तोत्र धुळींत पडलेल्या कंगालाला उठवून थोरांच्या पंक्तीस बसविणाऱ्या देवाविषयीं आहे. १४६ वें स्तोत्र भुकेल्यांना अन्न देणाऱ्या, बंदिवानांना सोडविणाऱ्या, आणि परके, पोरके व विधवा ह्यांना सांभाळणाऱ्या देवाविषयीं आहे. अशा देवाच्या स्तुतीस लोकांना बोलवावें आणि आपण मात्र दुबळ्याला पायांखालीं ठेवावें, हें कसें जमावें?

ह्या बाबतींत संगीताच्या इतिहासांतील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. जॉर्ज फ्रेडरिक हँडेल ह्या संगीतकारानें १७४१ सालीं लंडन येथें सुमारें २४ दिवसांत ‘मशीहा’ ही मोठी संगीतरचना लिहिली. तिच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस ‘हालेलूया’ हा जो समूहघोष आहे, तो आज जगभर गाइला जातो. ही रचना प्रथम १३ एप्रिल १७४२ रोजीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं एका दिवाणखान्यांत सादर झाली. जागा अपुरी होती. म्हणून स्त्रियांनीं घेरदार झग्यांखालील कड्या न घालतां यावें आणि पुरुषांनीं तरवारी घरीं ठेवाव्या, अशी विनंति अगोदरच करण्यांत आली होती. हेतु हा कीं, आणखी लोकांना जागा व्हावी. जमलेला पैसा दोन इस्पितळांना आणि कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्या माणसांना वांटून दिला गेला, आणि त्यांतून १४२ कैद्यांची सुटका झाली. घेर आटोपला, तरवार उतरविली, शेजाऱ्याला जागा दिली, आणि बंदिवानाचें दार उघडलें. त्या दिवशींचा सूर किती उंच गेला हें बाजूस ठेवूं. पण शब्दाचा अर्थ त्या दिवशीं पुरा झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. आपल्याजवळ दिवाणखाना नाहीं, वाद्यवृंद नाहीं. पण आटोपण्याजोगा घेर आणि उतरविण्याजोगी तरवार प्रत्येकाजवळ आहे.

म्हणून उपदेशक बंधूंना आमची विनंति आहे कीं, हें पद गावयास सांगण्यापूर्वीं एकदां तरी त्याचा अर्थ मंडळीला समजावून द्यावा. शोकांत असलेल्या माणसाला ‘गा’ म्हणून आग्रह करूं नये. त्याच्या शेजारीं बसून इतरांनीं गावें. आज्ञा अनेकवचनी आहे. ज्या दिवशीं एकाचा कंठ फुटत नाहीं, त्या दिवशीं दुसऱ्यानें त्याच्या वांटचें गावें, हीच तिची सोय आहे. आणि गातांना डोळे मिटण्यापूर्वीं एकवार सभोंवार पाहावें: आज कोण आला नाहीं, कोण कोपऱ्यांत बसला आहे, आणि कोणाकडे आपण पाहणें टाळितों. त्यांतील एकाला तरी सोमवारीं जाऊन भेटावें. ज्याचे पाय ह्या शब्दाच्या मागोमाग शेजाऱ्याच्या दारीं जातात, त्याचें हालेलूया खरें आहे, मग त्या वेळीं तो हंसत असो कीं रडत असो.