निर्णयाचे आयुष्य

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की उल्हास खाडीच्या पलीकडे कोन लागते. तालुका भिवंडी, कारभार ग्रामपंचायतीचा. २०११ च्या जनगणनेत मात्र नोंद शहरी वस्ती म्हणून. २००७ साली भिवंडीभोवतालच्या साठ गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) सोपवले गेले, त्यात कोनही आले. इमारतीचा आराखडा एका कार्यालयात मंजूर व्हायचा आणि त्या इमारतीतला कचरा उचलायची जबाबदारी दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था. तेव्हापासून राज्याने सहा मुख्यमंत्री पाहिले. राजकीय स्थैर्याचा शाश्वत विकासाशी काय संबंध, हा प्रश्न अशा गावातून पाहिला तर पाठ्यपुस्तकी उत्तरे पुरत नाहीत.

स्थिर सरकार असले की प्रगती होते, हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की तपासून पाहायचेच राहून गेले. २०१९ ते २०२४ ही पाच वर्षे त्या म्हणण्याला दुजोरा देतात, हे खरे. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट, मग तीन-चार दिवसांचे सरकार, मग महाविकास आघाडी. जून २०२२ मध्ये पक्षफुटीतून सत्तांतर. जुलै २०२३ मध्ये आणखी एका पक्षात फूट. मुंबईच्या मेट्रो-३ ची कारशेड आरेतून कांजूरमार्गला गेली, न्यायालयात अडकली, २०२२ मध्ये पुन्हा आरेत आली. आरेतली झाडे वाचायला हवी होती, असे माझे मत आहे. पण ज्यांना ती तोडणे अपरिहार्य वाटत होते, त्यांच्याही पदरात या येरझाऱ्यांतून विलंबाशिवाय काही पडले नाही. २३,१३६ कोटींचा प्रकल्प ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. सगळी वाढ या वादाची नव्हे, पण रखडण्याची किंमत त्यात आहेच.

जलयुक्त शिवारचेही तेच. डिसेंबर २०१४ मध्ये योजना सुरू झाली, सरकार बदलताच थांबली, २०२० मध्ये कॅगने भूजलावर अपेक्षित परिणाम दिसत नसल्याचा ठपका ठेवला, चौकशी लागली आणि पुढचे सरकार येताच योजना ‘२.०’ होऊन परतली. बंधारा कोणत्या पक्षाच्या काळात बांधला, याच्याशी पाण्याला देणेघेणे नसते. त्यातला गाळ दर काही वर्षांनी काढावाच लागतो आणि त्यासाठी निधी लागतो. योजनेतल्या उणिवा दुरुस्त करणे ही एक गोष्ट, योजनाच मागच्या सरकारची म्हणून गुंडाळणे ही दुसरी.

इथे ‘म्हणून एकच सरकार दीर्घकाळ हवे’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. महाराष्ट्राचाच इतिहास तो खोडून काढतो. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजनेने आकार घेतला. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. १९७२ ते १९७९ या सात वर्षांत मुख्यमंत्री वसंतराव नाईक गेले, शंकरराव चव्हाण आले आणि गेले, वसंतदादा पाटलांचे सरकार १९७८ मध्ये पाडले गेले आणि शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आले. राज्याने त्याआधी इतकी राजकीय अस्थिरता क्वचितच पाहिली असेल. तरीही हमी टिकली. कारण तिच्यामागे विधिमंडळाचा कायदा होता आणि १९७५ पासून व्यवसाय कराचा राखीव निधी होता. पगारदारांच्या पगारातून कापला जाणारा पैसा पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशा कामांवरच्या मजुरांपर्यंत जात होता. तो थांबवायचा तर विधिमंडळात उभे राहून तसे बोलावे लागले असते. जलयुक्तला शासन निर्णयाचा आधार होता. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने संपतो.

केरळ हे दुसरे उदाहरण. तिथे १९८२ पासून २०१६ पर्यंत दर निवडणुकीत सत्तेची अदलाबदल झाली. तरी नीती आयोगाच्या शाश्वत विकास निर्देशांकात केरळ अग्रभागी राहिले. १९९६ मध्ये डाव्या आघाडीने लोकनियोजन मोहीम सुरू करून योजना निधीचा मोठा वाटा पंचायतींकडे दिला. २००१ मध्ये काँग्रेसप्रणीत आघाडी आली, तिने मोहिमेचे नाव बदलले, पण पंचायतींचा पैसा काढून घेतला नाही.

याची उलट बाजू भिवंडीच्या परिसरात दिसते. मुंबईला जकात होती तेव्हा ती टाळण्यासाठी व्यापाऱ्यांनी माल महापालिका हद्दीबाहेर ठेवला आणि इथे गोदामे उभी राहिली; २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामे वाढतच राहिली. त्यांतली अनेक विनापरवाना. सरकारे आली-गेली, पक्ष फुटले, पण या व्यवहारात खंड पडला नाही. ज्यांचे हितसंबंध घट्ट आहेत त्यांना स्थैर्य आपोआप मिळते. नैसर्गिक नाले, खाडीकाठची खारफुटी, शेतीची जमीन यांना ते कायद्याने मिळवून द्यावे लागते. एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने खाडीपलीकडच्या कल्याण-डोंबिवलीत कचऱ्याच्या प्रश्नावरून नव्या बांधकामांना मनाई केली होती, आणि आधारवाडीचे डम्पिंग बंद व्हायला त्यानंतरही २०२१ उजाडले. राज्यकर्ते टाळतात तेव्हा न्यायालय पुढे येते, हे समाधान मानण्यासारखे नाही. नगररचना हे न्यायाधीशांचे काम नव्हे.

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांची नऊ विषयांत मांडणी करून ती ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यात घालायला सांगितली. त्या खात्याचे राज्यमंत्री २०२१ ते २०२४ या काळात भिवंडीचेच खासदार कपिल पाटील होते. कल्पना चांगली आहे, मला ती मनापासून पटते. पण पाणी पुरेसे असलेले गाव, स्वच्छ व हरित गाव ही उद्दिष्टे कोनसारख्या ग्रामपंचायतीने गाठायची तर किती इमारती आणि किती गोदामे येणार, हे ठरवण्यात तिचा शब्द हवा. तो तिच्या हातात नाही. आणि वरच्या पायरीवर जिने तिच्या वतीने भांडायचे, ती ठाणे जिल्हा परिषद २०१७ नंतर वर्षानुवर्षे निवडलीच गेली नाही. मुदत संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले. भिवंडी महापालिकेतही २०२२ नंतर काही वर्षे तेच झाले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

मंत्रालयातल्या उलथापालथीवर आपण वर्षानुवर्षे बोललो. या रिकाम्या सभागृहांवर फारसे कुणी बोलले नाही. माझ्या लेखी राज्यातली खरी अस्थिरता तिथे होती. लोकनियुक्त मंडळ अस्तित्वात नसेल तर त्या स्थानिक संस्थेला अनुदान नाही, ही पंधराव्या वित्त आयोगाची अट होती, आणि त्या आयोगाचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचाच होता.