लूजमधील मृत्यू आणि कर्तेपणाचा प्रश्न

लूज या हिवाळी खेळात खेळाडू छोट्या स्लेजवर उताणा झोपतो आणि पाय पुढे करून बर्फाच्या वळणदार ट्रॅकवरून खाली येतो. स्लेजला ब्रेक नसतो. दिशा बदलायची ती पुढच्या वळलेल्या पट्ट्या पोटऱ्यांनी दाबून आणि खांद्याचा भार किंचित हलवून. वेग ताशी 130 किलोमीटरच्या पुढे जातो आणि निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो. मान उचलून समोर पाहिले तर हवेचा अडथळा वाढतो. म्हणून तरबेज खेळाडू ट्रॅक पाठ करून, फारसे न पाहताच उतरतो. हे सारे ठाऊक असूनही जो उतरतो, त्याच्या अपघाताचा कर्ता कोण मानायचा?

12 फेब्रुवारी 2010 रोजी, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाला काही तास उरले असताना, जॉर्जियाचा 21 वर्षांचा नोदार कुमारिताश्विली व्हिस्लरच्या ट्रॅकवर सराव करत होता. शेवटच्या, सोळाव्या वळणातून बाहेर पडताना त्याचा ताबा सुटला. तो ताशी सुमारे 144 किलोमीटर वेगाने ट्रॅकबाहेर फेकला गेला आणि कोणतेही आवरण नसलेल्या पोलादी खांबावर आदळून मरण पावला. आंतरराष्ट्रीय लूज महासंघाचे निवेदन त्याच दिवशी आले: पंधराव्या वळणातून खेळाडू उशिरा बाहेर पडला, पुढे त्याला ती चूक सावरता आली नाही, ट्रॅकमध्ये दोष नाही. त्यावर जॉर्जियाचे अध्यक्ष मिखाईल साकाश्विली यांचे म्हणणे असे होते की, खेळातल्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये.

महासंघाच्या निवेदनामागचा विचार पाश्चात्त्य उदारमतवादाला परका नाही. जॉन स्टुअर्ट मिलने ‘ऑन लिबर्टी’मध्ये (1859) धोकादायक पुलाचे उदाहरण दिले आहे. धोका ठाऊक नसलेल्या माणसाला अडवणे रास्त. पण धोका समजल्यावरही तो पुलावर पाऊल टाकू पाहत असेल, तर निर्णय त्याचा. मिलच्या उदाहरणात पूल बांधणारा मात्र कुठेच नाही. लूजमध्ये तो असतो. व्हिस्लरला तर रचनाकारांनी अपेक्षिलेल्या वेगाहून प्रत्यक्ष वेग बराच जास्त निघाला होता, आणि अपघाताच्या साधारण वर्षभर आधी महासंघाचे अध्यक्ष योसेफ फेन्ट यांनीच पत्र लिहून त्याबद्दल चिंता व्यक्त केली होती.

शिवाय धोका ‘समजणे’ म्हणजे काय? लूजमध्ये ट्रॅक समजतो तो उतरून उतरूनच. यजमान कॅनडाच्या खेळाडूंना इथे सरावाच्या फेऱ्या परदेशी खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक मिळाल्या होत्या. पुढे मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरनेही आपल्या अहवालात या ट्रॅकवरचा कुमारिताश्विलीचा तोकडा अनुभव हे एक कारण म्हणून नोंदवले. एका वळणाची भीती वाटते असे त्याने वडिलांना सांगितले होते, हे त्यांनी नंतर वार्ताहरांना सांगितले. ॲरिस्टॉटलच्या मते शूर माणूस भीतीपासून मुक्त नसतो. जो योग्य गोष्टीची, योग्य तेवढीच भीती बाळगतो, तो शूर. या कसोटीवर कुमारिताश्विलीची भीती हे त्याचे शहाणपणच ठरते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्ममीमांसा इथे अधिक उपयोगी पडते. प्रत्येक कर्मामागे अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना चेष्टा (म्हणजे हालचाली) आणि दैव अशी पाच कारणे असतात, असे ती मांडते. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ लावला. कर्म जिथे घडते ती जागा, हा अर्थ या प्रसंगाला जास्त लागू पडतो. जो केवळ आत्म्यालाच कर्ता मानतो त्याची दृष्टी अधुरी, असेही गीता पुढे म्हणते. तिथला रोख अहंकार गळून पडण्याकडे आहे, दोष ठरवण्याकडे नाही, हे मान्य केले तरी महासंघाच्या निवेदनातील उणीव या मांडणीत नेमकी दिसते. निवेदनात चेष्टा होती आणि कर्ता होता; भिंतीची उंची, खांबाची जागा आणि उताराचा वेग नव्हता. या गोष्टींना दैव म्हणता येत नाही, कारण त्या माणसांनी ठरवल्या होत्या आणि बदलताही आल्या. अपघातानंतर लगेच सोळाव्या वळणापाशी भिंत उंचावली गेली आणि पुरुषांची सुरुवात महिलांच्या, म्हणजे खालच्या, प्रारंभस्थानावरून झाली.

यावरून खेळाडूची संमती निरर्थक ठरत नाही. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा लूजपटू शिवा केशवन 1998 ते 2018 अशी सहा ऑलिंपिक खेळला, त्यात व्हँकुव्हरही होते. 2014 मध्ये सोचीतील सरावात तो चालू स्लेजवरून पडला आणि घसरता घसरताच पुन्हा तिच्यावर चढला. असा धोका पत्करण्याचा हक्क त्याचाच आहे. पण ही संमती बर्फाला, वेगाला आणि स्वतःच्या चुकीला असते. उघड्या खांबाला नसते. तिथे जबाबदारी ट्रॅक बांधणाऱ्यांची. सोचीचा ट्रॅक बांधताना वेग आटोक्यात राहावा म्हणून त्यात तीन ठिकाणी चढ ठेवण्यात आले.