वकिलातीने कुठवर जावं?

(हॅनोव्हर. भोसरीचे एक कारखानदार प्रदर्शनाला आलेत. त्यांची भाची इथेच कायदा शिकते. स्टॉल आवरल्यावरचं हे बोलणं.)

मामा : मार्च 2008 मध्ये याच मैदानावर, सेबिट प्रदर्शनात, 180 हून जास्त पोलीस शिरले. 51 स्टॉल तपासले, 68 खोकी भरून माल आणि कागद नेले. त्यात 24 स्टॉल चीनचे. परक्या मुलखात, गिऱ्हाइकांदेखत! अशा वेळी वकिलातीने गप्प बसायचं?

भाची : त्या 51 मध्ये 9 जर्मन कंपन्याही होत्या, मामा. तक्रार पेटंटची होती. इथे पेटंट जाणूनबुजून मोडणं हा फौजदारी गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद; धंदाच केला असेल तर पाच.

मामा : आपल्याकडे तो दिवाणी दावा. म्हणजे भोसरीत ज्याला फक्त नोटीस आली असती, त्याच्या दारात इथे पोलीस. हे त्याला सांगायचं कुणी?

भाची : वकिलातीनेच, आणि तो विमानात बसण्याआधी. पण झडती सुरू झाल्यावर ती थांबवायला फोन करणं वेगळं. 1963 च्या व्हिएन्ना कराराचं 55 वं कलम ढवळाढवळीला मनाई करतं.

मामा : आणि अटकेतल्या माणसाला वकिलातीशी भेट देणारं 36 वं कलम? पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांसाठी भारत त्याच कलमावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला ना? ते इराणमध्ये व्यवसाय करत होते, असंच आपण सांगितलं.

भाची : गेला, आणि 17 जुलै 2019 ला जिंकला. पण काय जिंकला ते बघा. आपण सुटका मागितली होती, ती मिळाली नाही. वकिलातीला भेटू दिलं नाही हा करारभंग, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढं मिळालं. जर्मनीने 2001 मध्ये लाग्रांड या जर्मन बंधूंसाठी अमेरिकेविरुद्ध असाच निकाल मिळवला. तोवर दोघांना देहदंड देऊन झाला होता. खून त्यांनी केलाच नाही, असा जर्मनीचा दावा नव्हता. माणूस दोषी असला तरी त्याचा हा हक्क बुडत नाही.

मामा : ते अटकेचं झालं. स्टॉलवर अटक नसते, माल जातो. प्रदर्शन चार-पाच दिवसांचं. दोन वर्षांनी निर्दोष ठरलास म्हणून कागद आला, तर गेलेली ऑर्डर परत येते का?

भाची : नाही येत. इथे माझ्याकडेही पुरं उत्तर नाही. पण हॅम्बुर्गच्या आपल्या वाणिज्य दूतावासातला माणूस गाडी काढून येऊ शकतो. दुभाषी, वकिलांची यादी, जप्तीची पावती. वादात नसलेला माल लगेच सोडा, असा आग्रह. घाई करा म्हणणं म्हणजे सोडून द्या म्हणणं नव्हे.

मामा : 2015 ला भारत इथल्या औद्योगिक प्रदर्शनात भागीदार देश होता, मोदी आणि मर्केल एका मंचावर होते. अशा वर्षी मंत्र्याने एक शब्द टाकला तर?

भाची : मग ज्याच्यासाठी शब्द टाकायला कुणी नाही, त्या विद्यार्थ्याचं काय? इथल्या तुरुंगात पडलेल्या एखाद्या वेल्डरचं काय?

मामा : पटलं. दोषाबद्दल वकिलातीने अवाक्षर काढू नये. पण धावून यायचं ते सगळ्यांसाठी, आणि त्याच दिवशी. कारखानदारासाठी जो अधिकारी रात्री फोन उचलतो, त्याने वेल्डरसाठीही उचललाच पाहिजे.