पाहण्याचे मुखत्यारपत्र

जग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे की जाणकाराच्या, हा प्रश्न तत्त्वज्ञांना ध्यानाला बसल्यावर पडत असेल. अस्मादिकांना तो सेहेचाळिसाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर पडला, इटलीची माहितीपत्रके पसरून.

रिकरिंग ठेव पिकली होती. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही शहरे ठरली होती. वाद होता तो गाइडचा. सौ.चे मत, मराठी मंडळींबरोबरच जावे. वरणभात मिळतो आणि गाइड हरवला तरी कुणीतरी काकू सापडतातच. कन्या म्हणाली, "बाबा, पुस्तक सोडून गाइड वाचायची सवय आता तरी सोडा!" मी बी. कॉम. झालो तोच गाइडच्या जोरावर, त्यामुळे गप्प बसलो. आई म्हणाली, "बसायला कुठे मिळेल, ते आधी विचार."

शेवटी बँकेत करतो तेच केले. कुणाचेच समाधान होणार नाही असा मध्यम मार्ग काढला. प्रत्येक शहरात एक दिवस गाइड, बाकी दिवस मोकळे.

रोमच्या गाइडबाईंनी पैसे फेडून दिले. त्या नसत्या तर इ. स. 80 साली खुले झालेले कलोसियम आम्हाला पडके स्टेडियम वाटले असते. मधल्या खळग्यातल्या भिंती म्हणजे तळघर, तिथून जनावरांना पाळण्यात घालून वर ओढत आणि वर हजारो लोक ती झुंज बघायला बसलेले असत, हे कळल्यावर सौ. बराच वेळ बोलली नाही. ज्ञानावाचून डोळा आंधळा, अशी नोंद मी मनातल्या खातेवहीत जमेला टाकली.

मग फ्लॉरेन्स. अकादमियात मायकेलअँजेलोचा डेव्हिड. कानातल्या यंत्रातून माहिती येत होती आणि मी टिपून घेत होतो : काम 1501 ते 1504, उंची 5.17 मीटर, चौकातून इथे आणला 1873 साली. बघतो तर आईने यंत्र काढून पिशवीत टाकलेले.

"आई, पैसे भरलेत त्याचे!"

"मला कुठे इंग्रजी कळतंय? ते राहू दे. राक्षस कुठाय?" गाडीत मी तिला डेव्हिडने राक्षस मारल्याची गोष्ट सांगितली होती. मी शोधला. राक्षस नव्हता.

"गोफण बघ, अजून खांद्यावरच आहे. म्हणजे मारली कुठे? आणि कपाळावरची आठी बघ. भ्यालंय रे पोर. तू पहिल्या दिवशी बँकेत निघालास ना, तेव्हा अगदी असंच तोंड होतं तुझं."

आईचे लहानपण ज्वारीच्या शेतात पाखरे हाकण्यात गेले. गोफणीतले तिला गाइडपेक्षा जास्त कळत होते. मी मान वर केली. आत आल्यापासून पहिल्यांदाच! माझ्या कागदावर सगळे होते, फक्त ते कपाळ नव्हते.

एवढ्यात गाइडची छत्री पुढच्या दालनाकडे निघाली. भरलेले पैसे परत येत नसतात, मग आपण राहिलो काय नि गेलो काय, हे कॉमर्सच्या पोराला कळायला हवे. तरी पाय छत्रीकडेच ओढत होते. आईचे गुडघे म्हणत होते, बस. अखेर मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच भरल्या पैशांवर पाणी सोडले.

माहिती उसनी घ्यायला लाज नाही. उसनवारीवर तर आमची बँक चालते. पण पाहण्याचे मुखत्यारपत्र कुणाच्या नावे करून देता येत नाही. सही आपलीच लागते.

एवढे शहाणपण घेऊन व्हेनिसला पोचलो. जमाखर्चाची दुहेरी नोंद पद्धत समजावणारे लुका पाचोलीचे पुस्तक 1494 साली याच शहरात छापले गेले. ज्याच्या विद्येवर माझे घर चालते, त्याचे नाव एकाही सहलीच्या पत्रकात नसावे? मी कालव्याच्या काठावर उभा राहून घरच्यांना नावे-जमा समजावू लागलो. पाचेक मिनिटांनी पाहतो, तर सौ. आणि कन्या पुढे निघून गेलेल्या, आणि आई शांतपणे पायरीवर बसून पाण्याकडे बघत होती.

कानात यंत्र नव्हतेच. तरी तिने ते काढून ठेवले होते.