न विचारता शिवणं

मित्रांनो, चळवळीतली पोरं मला एक प्रश्न नेहमी विचारतात. ‘ताई, बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायला लावलं. आपल्या आयाबापांनी उपाशी राहून ते सोडलं. आन् तुम्ही शिकूनसवरून परत लोकांचा बेडका नि गू-मूतच काढता?’

या प्रश्नामागे पिढ्यांचा इतिहास आहे. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

आधी काम काय ते ऐका. मी व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांची नर्स आहे. जीव वाचला, पण श्वास अजून यंत्राचा, अशी ही माणसं महिना महिना पडून असतात. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली. धड खोकता येत नाही, म्हणून छातीतला कफ आम्ही सक्शननं ओढतो. कफाबरोबर हवाही ओढली जाते, म्हणून एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर ओढायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठ सडते. तोंड साफ ठेवायचं, कारण तिथली घाण फुफ्फुसात उतरली की न्यूमोनिया. रात्री अलार्म वाजला की आधी माणूस बघायचा, मग यंत्र. हे सगळं शिकून येतं. रक्तातून कुणाच्याच येत नाही.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. पुरेशी यंत्रं नव्हती. ब्योर्न इब्सेन या डॉक्टरानं गळ्यातल्या नळीतून हवा द्यायचा मार्ग दाखवला आणि वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून रबरी पिशवी हातानं दाबत बसले. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली मानतात. त्या पोरांना या कामानं हलकं केलं नाही. कारण जन्मानं त्यांना कुणी त्या खाटेला बांधलं नव्हतं.

ढोर ओढण्यातली लाज ढोराची नव्हतीच. बापाचं काम म्हणून तुझं, तुझं म्हणून तुझ्या पोराचं, नाही म्हणायची सोय नाही आणि मजुरी म्हणून शिळा तुकडा. लाज याची होती. विनयपिटकात गोष्ट आहे. हगवणीनं आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग बाकीच्यांना विचारलं, याच्याकडे कुणी का बघत नाही? उत्तर आलं, हा आमच्या काही कामाचा नाही. मित्रांनो, हे उत्तर आजही वॉर्डात ऐकू येतं. ‘किती दिवस ठेवणार? खाट अडलीय.’

पण म्हणून वॉर्डाला विहार समजू नका. इथंही उतरंड आहे. मोठे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात. सक्शन नर्स करते. बेडपॅन मावशी काढते. बादली नेतो तो कंत्राटी कामगार. त्याचं नाव राउंडला कुणाला ठाऊक नसतं, आणि मी काम केलं तिथं ते विचारलं की बहुतेकदा आपल्याच वस्तीतलं निघालं. जातीनं कामांबरोबर माणसंच वाटून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं. तीच वाटणी इथं युनिफॉर्म घालून फिरते. त्याला हातमोजे नाहीत, कायम नोकरी नाही, तर माझ्या शिक्षणानं काय झालं? मी एक पायरी वर चढले, एवढंच.

आता खाटेवरच्या माणसाकडे या. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोड भागात गुइलेन-बॅरेचे रोगी वाढले. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. या आजारात हातपाय लुळे पडतात, कधी श्वासाचे स्नायूही. मेंदू मात्र शाबूत. गळ्यातल्या नळीमुळं आवाज फुटत नाही. असा माणूस सगळं ऐकतो. त्याच्या अंगावरची चादर न सांगता ओढली जाते, त्याच्या डोक्यावरून घरच्या गप्पा चालतात. आपल्याला कुणी शिवत नव्हतं. याला सगळे शिवतात, विचारत कुणी नाही. दोन्हीकडे माणसाची वस्तू होते.

आपल्या वतीनं बोलणारे आपण पुष्कळ बघितले. म्हणून याच्या वतीनं बोलायची घाई आपण तरी करू नये. डोळा एकदा मिटला तर हो, दोनदा मिटला तर नाही. अक्षरांचा तक्ता धरावा. वेळ लागतो, लागू द्या. श्वास अडला असेल तर विचारत बसता येत नाही, हे खरं. पण तेव्हाही सांगून हात लावता येतो.

तेव्हा पोरांनो, हे काम मी सोडणार नाही. ज्या रीतीनं ते वाटलं जातं ती मोडायची आहे. तुमच्या पुढच्या मोर्चाच्या पत्रकात तीन मागण्या घाला. बादली उचलणाऱ्याला कायम करा. राउंडला मावशीला बोलू द्या, पाठीवरचा पहिला लाल डाग तिलाच दिसतो. आणि प्रत्येक खाटेला अक्षरांचा तक्ता लावा. जयभीम.