विडी आणि दया

ठाण्याच्या मनोरुग्णालयांत मावसभावाला भेटावयास निघालों, तेव्हां पनवेल स्टेशनाबाहेर मीं केळीं घेतलीं व त्यांखालीं विडीचें बंडल लपविलें. रुग्णालयांत धूम्रपानास मनाई आहे, हें ठाऊक होतेंच. पण बिचाऱ्याला दुसरें सुख तें कोणतें?

वाटेंत ही दयाच मला संशयास्पद वाटूं लागली. मधुमेही भावाला आपण पेढे नेत नाहीं. त्यानें पुष्कळ जगावें अशी आपली इच्छा असते. मनोरुग्णाच्या आयुष्याचा हिशेब मात्र आपण मनांतल्या मनांत केव्हांच मिटविलेला असतो.

तथापि विडी हिसकावणें हाही उपाय नव्हे. धूर एकाएकीं थांबला, तर क्लोझापिनसारख्या औषधाचें रक्तांतील प्रमाण वाढतें. डॉक्टरांस मात्रा उतरवावी लागते. बंडल पिशवींतच ठेवून मीं त्यालाच विचारलें, सोडावीशी वाटते का?

"सोडीन, दादा; पण मग तूं येशील ना?"